मानेने नाही, तोंडाने

त्या दिवशी दुपारी धाकटी डबा घेऊन दुकानात पोचली, तेव्हा बाबांचं एका गिऱ्हाइकाशी वाजलेलं होतं. भांडण उलटंच होतं. गिऱ्हाईक म्हणत होतं चष्मा झकास बसलाय, आणि बाबा म्हणत होते मुळीच बसलेला नाही.

"अहो, घालणार मी आहे ना? मला बसला."

"तुम्ही मान हलवलीत. मान हलली की चष्मा हलतो. हललेला चष्मा नीट बसला का, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मानेने नाही, तोंडाने सांगा. समोर बघा, हलू नका आणि बोला."

गिऱ्हाईक नाइलाजाने समोर बघत राहिलं. "बसला," ते म्हणालं. मग जरा थांबून, पडेल आवाजात, "डाव्या कानामागे टोचतंय थोडं."

"हं! आता कसं!" म्हणत बाबांनी चष्मा काढून घेतला आणि डावी काडी वाळूत खुपसली.

चष्म्याच्या काडीचं टोक गरम वाळूत धरलं की मऊ पडतं, मग कानामागे हवं तसं वळवता येतं. त्यासाठी दुकानात विजेवर तापणारं एक वाळूचं भांडं होतं. बाबा आधी गिऱ्हाइकाच्या कानामागे बोट ठेवत, क्षणभर डोळे मिटत आणि मग काडी वळवत. धाकटीला लहानपणापासून वाटायचं, बाबा दमतात म्हणून डोळे मिटतात.

घरात सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. आता चाळिशी ओलांडली होती, कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या हाताखाली माणसं होती, तरी धाकटीच. तिचं लहानपण याच काउंटरच्या मागे, एका स्टुलावर, पुस्तकात मान खुपसून गेलं होतं. दुकानातला सगळ्यांत चांगला दिवा बाबांनी कामाच्या टेबलावर न लावता त्या स्टुलावर लावला होता. "भिंगं घासायला मला एवढा उजेड काय करायचाय," म्हणत. तिचा नंबर मोठा, काचा जाड. वर्गातल्या पोरी चिडवत, म्हणून दर वर्षी बाबा तिच्या काचांच्या कडा हाताने घासून घासून पातळ करत. चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवून विचारत, "बसला?" ती मान हलवायची. "मानेने नाही, तोंडाने." ती आणखी जोरात मान हलवायची. बाबा हात टेकायचे. हा खेळ ती दुसरीत असल्यापासून चालला होता, आणि दोघांपैकी कुणीच तो सोडायला तयार नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर बाबा म्हणाले, "इकडे ये. तुझाही नाकावर उतरलाय. मास्तरीण दिसतेस अगदी."

त्यांनी चष्मा काढला तसं दुकान विरघळलं. कपाटं, फ्रेमा, बाबा, सगळ्यांची मिळून एक ओली रांगोळी झाली. डाव्या कानामागे त्यांचं बोट टेकलं.

"हा कान तुझा वर आहे. देवाने घाईत बसवला. मला काम दिलं असतं तर सरळ बसवले असते दोन्ही."

"दोन महिने लावले असते तुम्ही."

"पण बसले असते. आणि ही चंदेरी तार कुठून आली केसांत? ही काही मी बसवलेली नाही."

"तुमच्याच दुकानातला माल आहे," ती म्हणाली. बाबांचं डोकं पांढरंशुभ्र होतं. ते खुदकन हसले.

"अर्ज भरलास?"

हा विषय कधीतरी निघणारच होता. परदेशात एक संस्था होती. लोकांचे जुने चष्मे गोळा करायची, धुऊनपुसून काचांचा नंबर तपासायची आणि ज्यांना परवडत नाही त्यांना द्यायची. बाबा वर्षानुवर्षं तिकडे खोक्यांतून जुन्या फ्रेमा पाठवत. तिथे काही महिने राहून काम करायला स्वयंसेवक हवे होते. राहायला खोली, बाकी काही नाही. हे बाबांनीच कुठूनसं शोधून काढलं होतं आणि तेव्हापासून ते तिच्या मागे लागले होते.

"मी गेले तर तुमच्याकडे कोण बघणार?"

"का? मी काय गॅसवर ठेवलेलं दूध आहे, सारखं बघत बसायला? दादा आहे, वहिनी आहे, समोरच्याच इमारतीत आहेत."

"मी कधी एकटी कुठे गेलेय का?"

"म्हणूनच. सगळा जन्म पुस्तकातून जग बघितलंस. माझं म्हणशील तर माझ्या फ्रेमा परदेश फिरून आल्या आणि मी या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर. तू जा. खोकं इथून जातं एवढंच मला माहीत आहे. पुढे काय होतं, ते बघून ये आणि मला सांग."

त्यांनी चष्मा चढवला. कपाटं जागेवर आली, बाबाही आले. "बसला?"

तिला परत कामावर पोचायचं होतं. खांद्याला पिशवी लावत तिने मान हलवली. वर मुद्दाम दुसऱ्यांदा हलवली.

"मानेने नाही..."

"येते हो!" पायरीवरूनच ती हसत म्हणाली.

संध्याकाळी त्यांनी शेजारी बसून तिच्याकडून अर्ज भरून घेतलाच. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. बाबा झोपेतच गेले होते.

पुढचे दिवस माणसांचे होते. माणसं येत होती, बसत होती, चांगलं बोलत होती. धाकटी सगळ्यांना चहा देत होती. आई आधीच गेलेली, त्यामुळे घरात उरली ती एकटी. ती रडली नाही असं नाही, पण रीतसर, दार लावून. बाकी सगळं जागच्या जागी होतं. फक्त तिचा चेहरा उतरला होता, आणि चष्म्याला ते ठाऊक नव्हतं. बाबांनी वळवला होता तो भरल्या गालांवर. आता तो घसरायचा. जिना उतरताना घसरायचा, भाजी निवडताना घसरायचा. ती एका बोटाने वर सारायची.

"आवळून घे ना कुठूनतरी," दादा म्हणाला.

"नको."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"नको म्हटलं ना."

दादाने वहिनीकडे बघितलं, वहिनीने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. त्या दोन काड्यांवर बाबांचा शेवटचा हात फिरला होता. जगात बाबांनी वळवलेले चष्मे पुष्कळ असतील, पण हा सगळ्यांत शेवटचा होता, आणि तो तिच्या कानांवर होता. झोपताना ती तो उशीपासून लांब, कपाटात ठेवायची. घसरतोय तर घसरू दे. हात लावू द्यायचा नाही कुणाला.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा ती नकारच कळवणार होती. पण बाबांचं ते एक वाक्य काही केल्या हलेना. पुढे काय होतं, ते बघून ये. सांगायला आता कुणी नव्हतं, पण बघायचं तर राहिलंच होतं.

"तू? एकटी?" दादा उडालाच. "बाई, तू लिफ्टमध्ये एकटी चढत नाहीस. कुणी येईपर्यंत खाली उभी राहतेस!"

"मग तिकडे जिन्याने जाईल," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली. "जाऊ द्या हो तिला."

विमानतळावर वहिनीने तिच्या पर्समध्ये एका संसाराला पुरतील इतक्या सेफ्टी पिना कोंबल्या आणि कानात सांगितलं, "रडू आलं तर फोन कर. नाही आलं तरी कर."

विमानात तिने काही खाल्लं नाही, कारण मागायचं कसं ते कळेना. विमान बदलायच्या ठिकाणी एका कुटुंबाच्या मागे मागे चालत गेली, आणि ते कुटुंब पुरुषांच्या स्वच्छतागृहापाशी वडिलांसाठी थांबलं तेव्हा तीही थांबली. उतरल्यावर बस चुकीची पकडली. परत फिरली, बरोबर पकडली. शेवटी बॅग ओढत, घामाघूम होऊन एका फाटकाशी पोचली, तर तिथे कुणीच नव्हतं. दारावर तिच्या नावाची चिठ्ठी आणि खाली किल्ली. खोलीत एक लोखंडी खाट, भिंतीला एक खुंटी आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी बनियनी वाळताना दिसत होत्या. ती खाटेवर बसली, बनियनींकडे बघितलं आणि एकटीच हसत सुटली. आलो की आपण! कुणी पोचवायला नव्हतं, कुणी न्यायला नव्हतं, तरी आलो.

मग एकेक गोष्ट जमत गेली. पाव आणायला जमलं. कपडे धुवायचं यंत्र चालवायला जमलं, आधी एकदा सगळे कपडे निळे झाल्यावर. आणि 'थँक्यू' म्हणायला जमलं. हे सगळ्यांत अवघड होतं. तिथे माणसं ऊठसूट आभार मानत. दार धरलं, थँक्यू. मीठ दिलं, थँक्यू. धाकटीच्या घरात ही पद्धतच नव्हती. लहानपणी शाळेत शिकून आली आणि आईला म्हणाली, 'पोळीबद्दल थँक्यू,' तर आईने विचारलं होतं, 'काय झालं, रागावलीस का माझ्यावर?' आता ती पाववाल्या बाईला दर सकाळी तिच्या भाषेत थँक्यू म्हणू लागली. पहिल्यांदा नाटकातल्यासारखं वाटलं. मग कधीतरी लक्षात आलं, आपण मनापासून म्हणतोय.

संस्थेचं काम चालायचं एका जुन्या गॅरेजमध्ये. उंच छप्पर, जमिनीवर न जाणारे तेलाचे डाग, मध्ये लांब टेबलं. एका टोकाला जगभरातून आलेली खोकी. आल्या दिवशी धाकटीने बाबांनी पाठवलेलं खोकं कुठे दिसतंय का म्हणून बघितलं. पण इथे खोकी आली की लगेच रिकामी होत, आणि सगळ्यांच्या फ्रेमा एकाच टबात पडत. साबणाच्या पाण्यात देशबिश काही उरत नव्हता.

तिथली मुख्य म्हणजे एक निवृत्त नर्स. आवाज असा की गॅरेजच्या पत्र्याने टाचा जुळवाव्यात. धाकटीने मनात तिचं नाव ठेवलं हेडबाई. हेडबाईने पहिल्याच दिवशी नियम सांगितला. सगळ्यांचं मिळून एक तोडकंमोडकं इंग्रजी होतं, प्रत्येकाने त्यात आपापलं मीठ घातलेलं.

"धुतलेली प्रत्येक फ्रेम इथे या वाळूत जाते. काड्या तापवायच्या आणि सरळ करायच्या. पट्टीसारख्या सरळ. आधीच्या माणसाच्या कानाचं वळण शिल्लक ठेवायचं नाही. ठेवलं तर नव्या माणसाला टोचतं. समजलं? आणि दुसरं, टेबलावर जे पडलंय ते टेबलाचं. चहाचा कप, पेन, काही ठेवायचं नाही. इथे सगळ्याला पाय फुटतात."

तर हे पुढे व्हायचं बाबांच्या फ्रेमांचं. धाकटीला हेच काम मिळालं, वळणं काढायचं.

ती एकेक फ्रेम उचलायची आणि बघत राहायची. एक काडी जास्त वळलेली, म्हणजे त्या माणसाचाही एक कान खाली. एकीचं टोक दातांनी चावलेलं, कुणीतरी विचार करताना चावत असणार. एकीला दोरा गुंडाळलेला. कुणीतरी कधीतरी कुणाच्या कानामागे बोट ठेवून हे वळण दिलं होतं. ती तापवायची आणि मनात 'चुकलं माकलं' म्हणत सरळ करायची. टेबलावर ढीग साठत गेला.

"एकेकीला निरोप देत बसलीस तर आपण सगळे इथेच म्हातारे होऊ," हेडबाई ओरडली.

"ती झालीच आहे म्हातारी," शेजारून एक आवाज खालच्या पट्टीत म्हणाला, "आपलं बघ तू."

हा ड्रायव्हरकाका. आयुष्यभर घाटातली बस चालवून निवृत्त झालेला, अंगाने आडवा, हाताचे पंजे सुपाएवढे. "जन्मभर नुसती वळणं घेतली," तो फ्रेम सरळ करत सांगायचा, "आता फेडतोय." दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की आपला ढीग गुपचूप अर्धा करून हा आपल्या बाजूला ओढतो. तिने थँक्यू म्हटलं. "कशाबद्दल?" म्हणत त्याने छपराकडे बघितलं.

एवढं सगळं करताना तिचा स्वतःचा चष्मा घसरतच होता. काम मान खाली घालून करायचं. एका हातात फ्रेम, दुसऱ्या हाताचं बोट नाकावर.

"चष्म्याच्या कारखान्यात बसून हे काय?" हेडबाईने एकदा थांबून विचारलं. "आण इकडे, वळवून देते."

"नको. तो असाच असतो."

हेडबाईने तिच्याकडे रोखून बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे वळली. धाकटीने बाबांबद्दल तिथे कुणाला काही सांगितलं नव्हतं.

वाटपाच्या आदल्या दिवशी सगळेच घाईत होते. टबातलं साबणाचं पाणी उडून धाकटीच्या डोळ्यांत गेलं. इतकं झोंबलं की तिने चष्मा काढला, हाताला लागला तिथे ठेवला आणि चाचपडत नळाशी गेली. डोळ्यांवर पाणी मारलं, ओढणीने पुसलं. पुन्हा मारलं.

परत आली तेव्हा ड्रायव्हरकाकाची मोठी धूसर आकृती काहीतरी उजेडात धरून बघत होती.

"अरे, ही काच बघा! काय जाडी! पण कडा बघा कशा घासल्यात, लोण्यासारख्या. कुणाचा असेल बिचाऱ्याचा?"

"माझा," धाकटी म्हणाली.

तिने हात पुढे केला. चष्मा तिच्या तळव्यावर आला. धुतलेला होता, कोरडा होता आणि गरम होता. तिने बोटं काड्यांवरून शेवटपर्यंत फिरवली. पट्टीसारख्या सरळ.

ड्रायव्हरकाका आधी हसला. "तुझा? टेबलावर होता म्हणून मी... थांब, दोन मिनिटांत वळवून देतो."

"नको!"

ती इतक्या मोठ्याने ओरडली की गॅरेजमधली सगळी खुडबुड बंद पडली. तिला स्वतःलाच तो आवाज ओळखीचा वाटला नाही. चष्मा मुठीत धरून ती मागच्या दाराने अंगणात गेली आणि एका उलट्या खोक्यावर बसली. जग विरघळलेलंच होतं. आता कुठून सावरायचं ते.

थोड्या वेळाने हेडबाई येऊन शेजारच्या खोक्यावर बसली. धाकटी आपणहून म्हणाली, "माझ्या वडिलांनी वळवला होता. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी गेले." तोडक्यामोडक्या भाषेत ते आणखीच उघडंवाघडं ऐकू आलं.

हेडबाईने सुस्कारा सोडला. खिशातून एक जाड दोरी काढली, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधली आणि तिच्या डोक्यामागे गाठ मारली. "उद्या वाटप आहे. तू धडपडलीस तर मला आणखी एक पेशंट नको." उठता उठता तिने धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी नर्ससारखा, ताप बघतात तसा.

ड्रायव्हरकाका दुपारभर चहा आणत राहिला. यायचा, कप ठेवायचा, जायचा. शेवटच्या कपाच्या वेळी मात्र थांबला. "माफ कर म्हणायला आलो होतो," तो म्हणाला, "पण ते फार छोटं पडेल असं वाटतं. म्हणून चहा."

तिला हसू आलं. नको असताना आलं. "आणखी एक कप आणलात तर मी बुडेन," ती म्हणाली.

वाटप एका शाळेच्या व्हरांड्यात होतं. सकाळपासून रांग. आधी डोळे तपासायचे, मग नंबराचा चष्मा शोधायचा आणि शेवटच्या टेबलावर काड्या तापवून ज्याच्या त्याच्या कानांना बसवायच्या. तिथे हेडबाई एकटी होती आणि रांग काही हलत नव्हती. धाकटी दोरीबांधला चष्मा घालून पिशव्या उघडून देत होती.

"इकडे ये," हेडबाईने हाक मारली. "दुसरी खुर्ची रिकामी आहे."

"मला येत नाही. मी कधी केलं नाही."

"दुकानात वाढलीस ना?"

"पण मी पुस्तक वाचत असायचे!"

"जन्मभर एकदाही मान वर केली नाहीस? बस."

ती बसली. समोर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. तिने काडी तापवली, वळवली, चढवली. आजोबांनी "ओय" केलं. तिने घाईघाईने काढली, पुन्हा तापवली. या खेपेला इतकी सैल झाली की त्यांनी खाली बघताच चष्मा त्यांच्याच मांडीवर पडला. आजोबा मजेत होते, त्यांना कुठे जायचं नव्हतं. धाकटीला मात्र घाम फुटला. बाबा काय करायचे? आधी काय करायचे?

तिने आजोबांच्या कानामागे बोट ठेवलं. कानाचं मूळ, त्यामागचं हाड, हाड जिथे खाली वळतं ती जागा. आणि ते नीट कळावं म्हणून तिचे डोळे आपोआप मिटले.

अच्छा, असं होतं तर. बाबा दमून मिटत नव्हते डोळे. डोळे उघडे असले की माणसाचा चेहरा दिसतो, मिटले की बोटाला कान दिसतो. इतकी वर्षं ती स्टुलावर बसून हे बघत होती. दोन पानांच्या मध्ये मान वर करून बघत होती, आणि बघितलेलं सगळं कुठेतरी आत जाऊन पडलं होतं. तिने डोळे उघडले आणि काडी वळवली. अंगठ्यावर टेकवून, हळू, शेवटी किंचित आत. बाबांचा अंगठा असाच फिरायचा.

आजोबांनी चष्मा घातला. खाली बघितलं. पडला नाही.

मग ती थांबली नाही. रांग दोन्ही खुर्च्यांकडे वाटली गेली. प्रत्येक कान वेगळा, आणि सरळ कान तर कुणाचेच नाहीत. देवाने सगळीकडे घाईच केलेली. एका बाईचे दोन्ही कान इतके वेगळे निघाले की धाकटी मनातल्या मनात म्हणाली, बाबा, हे बघायला हवे होते तुम्ही.

दुपार कलताना एक आजी आल्या, वाकलेल्या, लेकीचा हात धरून. लेकही साठीच्या आसपासची. आजींचा नंबर मोठा होता, काच जाड. धाकटीने काड्या बसवल्या, चष्मा चढवला आणि बसला का म्हणून खुणेने विचारलं. आजींनी मान हलवली.

"मानेने नाही, तोंडाने!"

मराठीतच निघालं ते. घरचे फोन सोडले, तर इतक्या दिवसांत त्या देशात तोंडातून मोठ्याने निघालेलं पहिलं मराठी वाक्य. आजींना काही कळायचं कारण नव्हतं. पण धाकटीने त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून सरळ केली, समोर बोट दाखवलं आणि बोला अशी खूण केली. आजींनी समोर बघितलं. समोर त्यांची लेक उभी होती. आजी बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. लेकीने तोंडावर हात घेतला. ती हसत होती की रडत होती, कळेना. रांगेतली माणसं खो खो हसायला लागली.

"काय म्हणतायत?" धाकटीने ड्रायव्हरकाकाला विचारलं. त्याची ती भाषा होती.

त्याने डोळे पुसले. "म्हणतायत, अगं, तुझे केस पांढरे झाले आणि मला सांगितलं नाहीस? कधी झाले? मी इथे असताना झाले? किती छान दिसतायत!"

धाकटीचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला, डाव्या कानावरच्या चंदेरी तारेकडे. ती बाबांनी बघितली होती. चेष्टा करून, हसून, बघून मग गेले होते. केवढी मोठी गोष्ट होती ती. आयुष्यभर कुणीतरी तिच्याकडे इतक्या जवळून बघत आलं होतं, आणि तिला लांबचं दिसावं आणि कुणी चिडवू नये म्हणून रात्रीचा दिवस करून काचांच्या कडा घासत आलं होतं.

जाताना आजींनी तिचे दोन्ही हात धरले आणि एक शब्द म्हटला. तो शब्द धाकटीला येत होता. पाववाल्या बाईला रोज म्हणायची तोच.

उन्हं उतरली. माणसं पांगली. ड्रायव्हरकाका गाडीत खोकी चढवत होता, हेडबाई टेबलं मोजून घेत होती. वाळूचं भांडं बंद केलं होतं, पण वाळू अजून गरम होती.

धाकटीने डोक्यामागची गाठ सोडली. चष्मा काढला. शाळा, गाडी, माणसं, सगळं पुन्हा विरघळलं. तिने एक काडी वाळूत धरली.

"मी धरू का दुसरी बाजू?" काकाची आकृती लांबूनच म्हणाली. "नाहीतर नको. मी नको धरायला."

"तुम्ही तिथेच थांबा," ती म्हणाली, पण हसून.

बोट तिने स्वतःच्या कानामागे नेलं. आधी उजवा. मग डावा, वरचा, घाईत बसवलेला. डोळे मिटले. मिटले काय आणि उघडे काय, आता सारखंच होतं. तिने काडी वळवली, अंगठ्यावर, हळू, शेवटी किंचित आत. बाबांचं वळण होतं तसं ते झालं नाही. ते भरल्या गालांचं होतं. हे आताच्या चेहऱ्याचं, जरा आवळ. पण अंगठा फिरला तो त्यांच्यासारखाच, आणि अंगठ्याचं ते फिरणं कपाटात ठेवून जपायची गरज नव्हती. ते तिच्या हातातच होतं.

तिने चष्मा चढवला. शाळेची भिंत जागेवर आली. त्यापलीकडचा रस्ता आला, रस्त्याने लेकीचा हात धरून चाललेल्या, अजूनही बोलणाऱ्या आजी आल्या. त्यांच्याही पलीकडे, इतके दिवस कधी दिसले नव्हते असे डोंगर आले. तिने खाली बघितलं, वर बघितलं. चष्मा हलला नाही.

सवयीने मान हलणार होती. तिने ती थांबवली. समोर बघितलं, अजिबात न हलता, आणि ज्या भाषेत तिला तिथे कुणीही समजू शकणार नव्हतं त्या भाषेत, मोठ्याने, तोंडाने म्हणाली,

"बसला, बाबा. छान बसला. दिसतंय मला सगळं. तुमच्यामुळे दिसतंय."